अंगात गेलेलं बाहेर कसं काढायचं?

(अमरावती येथे ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या आणि पार्लरचा कोर्स करणाऱ्या मैत्रिणींसाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरात केलेले भाषण.)

मला आज ‘सौंदर्य आणि आरोग्य’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा आहे. सौंदर्यस्पर्धा, जाहिराती, बाईच्या देहाचा बाजार यावर आपल्या चळवळीत पुष्कळ बोलून झालं आहे. १९९६ साली बंगलोरला मिस वर्ल्ड स्पर्धा भरली तेव्हा स्त्री-संघटना रस्त्यावर उतरल्या होत्या. ते सगळं बोलणं खरंच होतं, आजही आहे. पण आज माझ्यासमोर ज्या बसल्या आहेत, त्यांचं पोट या व्यवसायावर आहे. म्हणून मी बाजाराबद्दल कमी आणि शरीराबद्दल जास्त बोलणार आहे. माझा प्रश्न एकच आहे. चांगलं दिसण्यासाठी आपण जे अंगाला लावतो किंवा अंगात टोचून घेतो, ते उद्या नको झालं, बाधलं, तर बाहेर कसं काढायचं?

या प्रश्नाचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्या शेजारी अकोल्यातच ते घडलं आहे.

२०२३ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत एक बातमी आली. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींना, एक तरुण मुलगी, तिची आई आणि तिची बहीण, थोड्या दिवसांच्या अंतराने किडनीचा आजार झाला. एकाच घरात तिघींना एकच आजार, आणि कारण सापडेना. शेवटी संशय गेला तो चेहऱ्याला लावायच्या क्रीमवर. मुलीने ते गावातल्याच एका ब्यूटिशियनकडून घेतलं होतं. चेहरा उजळला, लोक विचारू लागले, म्हणून मग आईने लावलं, बहिणीने लावलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात ते क्रीम तपासलं तेव्हा त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा निघाला. केईएमच्या मूत्रपिंडविकार विभागाचे प्रमुख डॉ. तुकाराम जमाले यांनी हा प्रकार जाहीरपणे सांगितला, म्हणून तो आपल्याला कळला.

या घरात कोणी अडाणी नव्हतं. कोणी कोणाला जाणूनबुजून विष दिलं नव्हतं. एका बाईने विकलं, दुसरीने घेतलं, तिसरीने आणि चौथीने प्रेमाने वाटून घेतलं. पारा असाच घरात येतो, गुण आलेल्या वस्तूसारखा.

पारा काय करतो

पाऱ्याने रंग उजळतो, हे खोटं नाही. म्हणूनच तो धंदा चालतो. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं. ते तयार करायला एक विकर लागतं, आणि त्या विकराला तांबं लागतं. पारा त्या तांब्याची जागा घेतो आणि रंग तयार होणं थांबवतो. पंधरा दिवसांत, महिन्याभरात फरक दिसतो. हळद-बेसन लावून वर्षभरात जो फरक दिसला नाही, तो महिन्यात दिसतो. मी तर म्हणते, इतक्या झटपट येणारा गुण हीच पहिली धोक्याची खूण समजा.

पण कातडी म्हणजे भिंत नव्हे. तिच्यातून पारा आत जातो, रक्तात मिसळतो आणि मुख्यतः किडनीत जाऊन साठतो. आपल्या प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. त्या रक्तातली घाण बाहेर टाकतात आणि कामाचं प्रोटीन आत ठेवतात. या गाळण्या बिघडल्या की प्रोटीन लघवीतून वाहून जातं. लघवीला फेस येतो आणि तो लवकर जात नाही. सकाळी उठल्यावर पापण्या सुजलेल्या दिसतात. संध्याकाळी पायावर बोट दाबलं तर खळगा पडतो. रक्तदाब वाढतो. पारा मज्जातंतूंनाही सोडत नाही. हात थरथरणं, झोप न येणं, चिडचिड, हातापायाला मुंग्या येणं, ही त्याची लक्षणं. आणि आपल्याकडे बाई चिडचिड करते, तिला झोप येत नाही, असं म्हटलं की कोणी तिची लघवी तपासत नाही. तिला देवऋषाकडे नेतात किंवा ‘डोक्यावर परिणाम झाला’ म्हणतात.

हे आज कळलं असंही नाही. १९७२ साली आफ्रिकेत नैरोबीच्या डॉक्टरांनी किडनीच्या आजाराने सुजून आलेल्या रुग्णांची माहिती छापली. त्यातल्या निम्म्याहून जास्त रुग्ण पाऱ्याची गोरेपणाची क्रीम वापरणारे होते. त्याला पन्नास वर्षं उलटून गेली. अगदी अलीकडे केरळात, मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात एका विशिष्ट किडनीविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यातल्या १५ जणांमध्ये एक खास प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. नैरोबी, कोट्टक्कल, अकोला. काळ्या-सावळ्या माणसांच्या देशांत हीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडते, याचं कारण वैद्यकशास्त्रात सापडणार नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्या देशातल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे डोळ्यांसाठीची काही प्रसाधनं सोडली तर बाकी कशातही पारा मुद्दाम घालता येत नाही. कच्च्या मालातून नकळत आला तरी तो दहा लाख भागांत एक भाग, याहून जास्त चालत नाही. म्हणजे तीस ग्रॅमच्या डबीत ०.०३ मिलिग्रॅम. आता समजा एखाद्या क्रीममध्ये शंभरात एक भाग पारा घातला, तर त्याच डबीत ३०० मिलिग्रॅम होतो. मर्यादेच्या दहा हजार पट! डोळ्याला दोन्ही डब्या सारख्याच दिसतात. वासही सारखाच.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१४ साली बाजारातल्या गोरेपणाच्या ३२ क्रीम तपासल्या, तेव्हा १४ मध्ये पारा आढळला. त्यात नावाजलेल्या कंपन्यांचा मालही होता. पाऱ्याविषयी मिनामाता नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारताने तो २०१८ साली मान्य केला. २०२३ च्या शेवटी जिनिव्हाच्या बैठकीत ठरलं, की प्रमाण कितीही कमी असो, पारा घातलेली सौंदर्यप्रसाधनं २०२५ नंतर तयारही करायची नाहीत आणि आयात-निर्यातही करायची नाहीत. कागदावर सगळं चोख आहे. पण पांढऱ्या डबीवर लेबलच नसेल तर कागद काय करणार?

पार्लरमधल्या बाईची बाजू

मला तुमच्याकडे बोट दाखवायचं नाही. अकोल्यात आणि अमरावतीत मी ज्या पार्लरवाल्या मैत्रिणींशी बोलले, त्यातल्या बऱ्याच जणी नवऱ्याचा धंदा बसल्यावर किंवा घर सोडावं लागल्यावर या कामात आल्या. थ्रेडिंगला मिळतात किती? फेशियलला गिऱ्हाईक सणासुदीला नि लग्नसराईला. अशा वेळी कोणी ठोक विकणारा येतो, साध्या डब्या देतो, ‘मॅडम, याला फार मागणी हाये’ म्हणतो. डबीमागे शंभर-दीडशे सुटतात. आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नसतं आणि तुम्हालाही सांगितलेलं नसतं. एक मैत्रीण मला म्हणाली, “ताई, म्या तर सोताच लावते, मंग खराब कसं असन?” अगदी खरं. म्हणजे पहिला धोका तिलाच. दिवसभर उघड्या बोटांनी ते क्रीम कालवणारी, दहा चेहऱ्यांना चोळणारी तीच आहे. रात्री त्याच हाताने ती लेकराला भरवते. पारा टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला, बाळाच्या गालाला लागतो. घरात ज्यांनी क्रीमला हातही लावला नाही, त्यांच्याही लघवीत तो सापडू शकतो. पोटातल्या बाळापर्यंतही तो पोचतो.

पण पकडली जाईल ती तुम्हीच. ज्याने डबी भरली त्याचा पत्ता नसतो, पावती नसते. दुकानाची पाटी मात्र तुमच्या नावाची असते. म्हणून या लढाईत मी तुम्हाला आरोपीच्या जागी उभं करत नाही. तुम्ही पहिल्या साक्षीदार आहात.

बंद करणं हाच उपचार

आता मूळ प्रश्नाकडे येते. गेलेला पारा बाहेर कसा काढायचा?

चांगली बातमी अशी, की बहुतेकदा तो जातो. केरळातल्या त्या रुग्णांपैकी बहुतेकांचा आजार क्रीम थांबवल्यावर आटोक्यात आला. पारा शरीरातून लघवी-संडासवाटे बाहेर पडतो. निम्मा बाहेर पडायला साधारण एक ते दोन महिने लागतात, उरलेल्यातला निम्मा जायला तेवढेच आणखी. गरज पडली तर पाऱ्याला बांधून बाहेर काढणारी औषधं आहेत, पण ती कोणाला द्यायची हे किडनीच्या डॉक्टरांनी ठरवायचं. ‘अंगातलं विष काढतो’ म्हणून पुड्या विकणाऱ्याने नव्हे. पावतीविना मिळणाऱ्या काही रसभस्मांतही पारा असतो. एक पारा काढायला दुसरा पोटात घालू नका. आणि उशीर केला, क्रीम चालूच ठेवलं, तर किडनी कायमची जाऊ शकते. मग डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून दोन-तीन दिवस बसावं लागतं.

म्हणजे पहिला उपचार अगदी स्वस्त आहे: बंद करणं. आणि माझा अनुभव असा, की तोच सगळ्यांत अवघड.

आमच्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते. अकोला जिल्ह्यातल्या खेड्यातली, शिकलेली. गाव-नाव सांगत नाही. साखरपुडा ठरलेला. तीन स्थळं रंगावरून परत गेल्यावर आईने पार्लरमधून क्रीम आणलं. सहा महिने लावलं. रंग खुलला, चौथं स्थळ जमलं. मग पापण्या सुजायला लागल्या, पाय सुजायला लागले. दवाखान्यात लघवी तपासली तर प्रोटीन भरपूर. डॉक्टरांनी विचारलं, काही औषध, काही क्रीम? आई म्हणाली, “नाई जी, बेसनाबिगर काईच लावत नाई ते.” मुलगी शेजारी बसून गप्प. आई खोटारडी नव्हती. ती घाबरली होती. क्रीमचं नाव घेतलं तर बंद करावं लागेल, बंद केलं तर रंग जाईल, रंग गेला तर लग्न जाईल. एवढा हिशेब तिने त्या दोन सेकंदांत केला होता.

मुलीने नंतर आमच्याकडे खरं सांगितलं. पुढे लघवीतला पारा तपासला, तो वाढलेला निघाला. क्रीम बंद झालं, औषधं सुरू झाली, आणि काही महिन्यांत प्रोटीन जाणं खूप कमी झालं. आणि आई म्हणाली होती तसंच झालं. रंग परतला, आधीपेक्षा थोडा गडदच. मुलाकडची बाई घरी आली, मुलीकडे पाहून म्हणाली, “फोटोतली पोरगी हे नोय.” साखरपुडा मोडला.

ती मुलगी आज बरी आहे. नोकरीच्या परीक्षा देते. वाचलेली किडनी आणि मोडलेलं लग्न यांचा ताळेबंद तिच्या आईने अजून मिटवलेला नाही. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. उत्तर पाठ असल्यासारखं देऊ नका. कारण शरीरातला पारा दोन महिन्यांत निम्मा होतो. घरातल्या माणसांच्या डोळ्यांतली गोरेपणाची अपेक्षा तशी आपोआप उतरत नाही. तिच्यासाठी नवरा, सासू, मध्यस्थ, मामा या सगळ्यांशी बोलावं लागतं. आम्ही आता अशा बाईला दवाखान्यात पाठवताना घरातल्या आणखी एका माणसाला बोलावतो, आणि डॉक्टरांनीच त्याला सांगावं असा आग्रह धरतो की रंग परत येणार आहे, आणि तो परत येणं हे बरं होण्याचं लक्षण आहे.

आणखी एक. त्या आईने डबी नालीत फेकून दिली होती. म्हणून त्या क्रीममध्ये नेमकं काय होतं ते कधीच सिद्ध करता आलं नाही. अकोल्याच्या त्या तिघींचं कोडं सुटलं, कारण क्रीम तपासायला हाती होतं.

आता सुई आली आहे

क्रीमचं बोललो. पण शहरांतल्या पार्लरांत आता सुईही आली आहे. ओठ भरून देतो, गाल भरून देतो, हनुवटी टोकदार करून देतो, अशा पाट्या लागतात. याला फिलर म्हणतात. क्रीमचा प्रश्न इथे दहापट अवघड होतो, म्हणून समजून घ्या.

फिलर दोन जातींचे. एक विरघळणारे. त्यांत बहुतेकदा हायलुरॉनिक ॲसिड नावाचा पदार्थ असतो. तो आपल्या शरीरातही असतो, काही महिन्यांत विरतो. आणि काही बिघडलं तर तो विरघळवणारं इंजेक्शन मिळतं. दुसरे कायमचे: पातळ सिलिकोन, पीएमएमए नावाचे प्लास्टिकचे बारीक कण, पॉलीॲक्रिलामाइडची जेली. विकणारा म्हणतो, ‘एकदाच खर्च, मग आयुष्यभर बघायला नको.’ बाईला वाटतं, हेच स्वस्त. पण या कायमच्या फिलरला उतारा नाही.

ते मांसात पसरतात. शरीर त्यांना परकं समजून त्यांच्याभोवती गाठी करतं. या गाठी महिन्यांनी येतात, कधी कित्येक वर्षांनी. तेव्हा टोचणारा सापडत नाही. कधी जंतू धरतात, कधी माल घसरून दुसरीकडे जातो. आणि कुठलाही फिलर चुकून रक्तवाहिनीत गेला तर तिथलं रक्त थांबतं, कातडी काळी पडून मरते. नाकाजवळच्या किंवा कपाळावरच्या वाहिनीतून तो डोळ्याकडे गेला तर कायमचं अंधत्व येतं. तिथे हिशेब मिनिटांचा असतो. टोचताना किंवा टोचल्यावर जास्त दुखलं, कातडी पांढरी-निळी पडली, नजर अंधुक झाली, तर ‘उद्या पाहू’ म्हणायचं नाही.

कायमचा फिलर काढायचा म्हणजे शस्त्रक्रिया. तेलाचा थेंब भिजवलेल्या कणकेत मुरला तर तो वेगळा काढता येतो का? तसंच हे. गाठ काढताना आजूबाजूचं चांगलं मांस काढावं लागतं, व्रण राहतो, आणि तरीही सगळं निघत नाही. काही वेळा गाठीत औषध टोचून ती फक्त लहान करता येते.

हाही धडा जगाने आधीच घेतलेला आहे. १८९९ साली व्हिएन्नात गेर्सुनी नावाच्या डॉक्टरांनी व्हॅसलीन टोचून शरीराचा आकार भरून काढण्याचा प्रयोग केला. मग पॅराफिनचं मेण टोचायची लाट युरोपभर आली. पुढे गाठी, जखमा, विद्रूप चेहरे दिसू लागले आणि ती लाट ओसरली. शंभर वर्षांनी चीनमध्ये हीच गोष्ट पॉलीॲक्रिलामाइडच्या जेलीची झाली. तिथल्या सरकारला २००६ साली तिच्यावर बंदी घालावी लागली. अमेरिकेतही चेहरा किंवा शरीर भरण्यासाठी पातळ सिलिकोन टोचायला परवानगी नाही.

पार्लरमधल्या मैत्रिणींनी कायद्याची एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या आहे. टोचायची वस्तू त्यात बसत नाही. म्हणजे सुईतून जाणारी कोणतीही वस्तू कायद्याने प्रसाधन नव्हे. ती डॉक्टरचं काम आहे. दोन दिवसांचा कोर्स करून मिळालेल्या सर्टिफिकेटने तो अधिकार मिळत नाही. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी सुई हातात घेऊ नका.

हा प्रश्न आपला जुनाच आहे

हा प्रश्न विचारणाऱ्या आपण पहिल्या नाही. १९८६ साली हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली आणि इतर काही जण नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्या लढ्यात एक साधा मुद्दा होता. गोळी बाधली तर बाई उद्यापासून बंद करू शकते. इंजेक्शन बाधलं तर दोन महिने ती काय करणार? पुढे नॉरप्लांट आलं, दंडाच्या कातडीखाली बसवायच्या सिलिकोनच्या सहा नळ्या. बसवायला सोपं, काढायला अवघड. जगभरच्या बायकांनी तेव्हा विचारलं, बाईने ‘काढा’ म्हटलं तर कोण काढणार, आणि नकार दिला तर?

सरकारी गर्भनिरोधकाला जो प्रश्न आपण विचारला, तो खासगी सौंदर्याच्या धंद्याला का विचारू नये? तिथे सक्ती सरकारची होती. इथे सक्ती वधू-वर मेळाव्यातल्या फॉर्मची आहे. त्यावर ‘वर्ण’ असा रकाना अजूनही असतो. १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हलीचं नाव २०२० साली बदलून ग्लो अँड लव्हली झालं. डबीवरचा शब्द बदलला. फॉर्मवरचा रकाना मात्र आपल्यालाच खोडायचा आहे.

करायचं काय

शेवटी कामाच्या गोष्टी सांगते. लिहून घ्या.

घेण्याआधी डबी वाचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, लायसन नंबर, बॅच नंबर, मुदत, घटकांची यादी पाहिजे. बाहेरदेशचा माल असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक पाहिजे. यातलं काही नसेल तर घेऊ नका, विकू नका. घटकांत मर्क्युरी, कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराईड, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी, सिनाबार यातलं काही दिसलं तर तो पाराच आहे. ‘सोनं, चांदी, ॲल्युमिनियम, रबर यांना लागू देऊ नका’ अशी सूचना असेल तर तीही पाऱ्याचीच चाहूल. स्टिरॉइडच्या मलमांचंही तसंच. २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा मलमं चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत घातली. ती गोरेपणासाठी नाहीत. त्यांनी कातडी पातळ होते, केस येतात, पुटकुळ्या येतात.

वापरत असाल तर आजच थांबवा, आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. ही तपासणी साधी आहे, सरकारी दवाखान्यात होते. सोबत रक्तदाब आणि क्रिएटिनिन. डॉक्टरांना क्रीमचं सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. घरातल्या सगळ्यांची तपासणी करा, लहान मुलांचीही.

डबी फेकू नका, जाळू नका, नालीत धुऊ नका. झाकण घट्ट लावा, दोन पिशव्यांत बांधा, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. टॉवेल-अभ्रे वेगळे धुवा, जुने असतील तर टाका. ती डबी म्हणजे पुरावा आहे. १९४० च्याच कायद्याचं २६ वं कलम सांगतं, की कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना आपण विकत घेतलेलं प्रसाधन ठरलेली फी भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकते आणि अहवाल मागू शकते. अन्न व औषध प्रशासनाची कार्यालयं अमरावतीतही आहेत, अकोल्यातही आहेत. एकटीने जायला भीती वाटत असेल तर बचत गटाने मिळून जा. पार्लरवाल्या मैत्रिणींनो, ठोक विकणाऱ्याकडून पावती घ्या. तो पावती देत नसेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

फिलरचा विचार कोणी करत असेल तर तिला चार प्रश्न शिकवा. आत काय घालणार, त्याचं खोकं मला दाखवा. टोचणारा डॉक्टर आहे का? बिघडलं तर उतारा याच खोलीत आहे का? आणि मी नको म्हटलं तर हे निघेल का? चौथ्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं तर उठून यायचं. रिकाम्या हाताने नाही, खोक्यावरचं नाव लिहून घेऊन.

इथून जाताना प्रत्येकीने आपल्या पार्लरच्या फळीवरच्या सगळ्या डब्या खाली उतरवून लेबल वाचावं, एवढं काम मी देते. ज्यांच्यावर लेबल नाही त्या वेगळ्या बांधून पुढच्या बैठकीला घेऊन या. कोणी कोणाला दोष देणार नाही. सगळ्या मिळून त्या तपासायला देऊ.